चष्मेवाल्यांची मोजणी

माझे कान अख्ख्या शिरपूर तालुक्यात प्रसिद्ध आहेत. स्वतःच्या तोंडानं सांगतोय म्हणजे जरा अतिच झालं, पण ही गोष्ट सांगायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते. सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात मी एकतीस वर्षं काढली. मशिनांच्या त्या खडखडाटातून सुटलो की सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवायची आणि सातपुडा गाठायचा, हा माझा नेम. बाकीचे लोक माना वर करून झाडं धुंडाळत बसायचे. मी मान खाली घालून ऐकायचो आणि सांगायचो, डाव्या अंगाला, तिसऱ्या सागावर, निखार, जोडी. आणि जोडी असायचीच. तेव्हापासून मी 'गुलाबभाऊ कानवाले'.

दिवाळी झाली की दुसऱ्या शनिवार-रविवारी आमची खैरपाणीची मोजणी असते. खैरपाणी म्हणजे बोराडीच्या वर, डोंगरात आत शिरलेला पावरा लोकांचा पाडा. ओढ्याकाठानं एक पायवाट वर चढते, तिच्यावर आमची बारा ठिकाणं ठरलेली. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं उभं राहायचं. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. चष्मेवाला, फुलटोच्या असली अंगठ्याएवढी पाखरं पानांत दिसत नाहीत, ती आवाजावरूनच मोजावी लागतात. मोजणार कोण, तर मी. नियमही माझाच. गुलाबभाऊंनी जे ऐकलं ते वहीत लिहायचं, बाकी कुणी काही ऐकलं असेल तर त्यानं ते घरी जाऊन बायकोला सांगावं.

नियम आखडू वाटेल, पण नवशिक्यांचा मला अनुभव आहे. त्यांना प्रत्येक झुडपात गरुड दिसतो.

यंदा आम्ही तिघंच होतो. गाडी योगेंद्रची. योगेंद्र कॉलेजात भूगोल शिकवतो, वीस वर्षांपासून माझ्याबरोबर येतो आणि माझं ओरडणं निमूट ऐकून घेतो, म्हणून टिकला. तिसरी डिंपल. धुळ्याची पोरगी, फार्मसी कॉलेजात नवीन लागलेली, डोंगरात पहिल्यांदाच येत होती. गाडीत तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काढला, वर शेव भुरभुरली, आणि मला 'काका, घ्या ना' म्हणाली. मला ती आवडली. सकाळ थंड होती, कापूस वेचणाऱ्या बाया नुकत्या शेतात उतरत होत्या, आणि दोन दिवस पाखरांशिवाय दुसरं काही बघायचं नव्हतं. माणसाला आणखी काय लागतं?

मात्र यंदाच्या मोजणीवर एक ओझं होतं, ते आधी सांगतो. खैरपाणीच्या पायथ्याशी एका संस्थेचं छोटं निसर्ग केंद्र आहे. दोन खोल्या आणि एक ओटा. शहरातली पोरं तिथं येऊन राहतात, पाखरं बघतात. त्या केंद्राची राखण आणि लोकांना रानात फिरवायचं काम अकरा वर्षं पुना करायचा. पुना त्याच पाड्यावरचा. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं त्याला काढलं, आणि काढलं ते माझ्या अहवालावरून. आता त्यानं पुन्हा अर्ज केला होता. संस्थेचे कार्यवाह नवीन सर (नवीन हे त्यांचं नाव) रविवारी दहाला येणार, माझी मोजणी बघणार, आणि पुनाला परत घ्यायचं की कायमचा नकार द्यायचा ते ठरवणार होते. माझ्या सहीवर एका माणसाचं घर अडलं होतं, आणि खरं सांगतो, त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं.

पहिल्या ठिकाणी उभे राहिलो तेव्हा साडेसात वाजले होते. होला घुमत होता. लांब ओढ्यापलीकडे भारद्वाज. बुलबुल दोन. मी बोटांनी खुणा करत होतो, योगेंद्र लिहीत होता. पाच मिनिटं संपली आणि डिंपल हळूच म्हणाली, "काका, चष्मेवाले राहिले."

"कुठे?"

"सगळीकडेच आहेत की. वर, मागे. केवढा किलबिलाट चाललाय."

तिनं मोबाईल पुढे केला. त्यात एक अॅप असतं म्हणे, आवाज ऐकून पाखराचं नाव दाखवतं. पडद्यावर 'चष्मेवाला' हे नाव सारखं पिवळं होत होतं, विझत होतं, पुन्हा पिवळं होत होतं. मी कान दिला. होला घुमत होता, आणखी काही नाही.

"मोबाईल बोलतोय, झाड नाही बोलत," मी म्हणालो. "हे पडदेवाले पक्षिमित्र मला नकोत."

"मोबाईलचं नाही हो, मला स्वतःला ऐकू येतंय."

"पोरी, मी पाखरं मोजत होतो तेव्हा तुझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. योगेंद्र, चष्मेवाला, निरंक. लिही."

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर योगेंद्र हसतो. तेव्हा तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती, हे मला दिसलं होतं. दुसऱ्या ठिकाणी डिंपल पुन्हा काही सांगायला गेली, तिसऱ्या ठिकाणी तिनं नुसतं वर बघितलं, आणि सहाव्यानंतर तिनं मोबाईल पिशवीत टाकला. बाराही ठिकाणी चष्मेवाला निरंक. फुलटोच्या निरंक. मला वाईट वाटत होतं, पण त्याच्या आत कुठेतरी बरंही वाटत होतं, कारण माझं म्हणणं खरं ठरत होतं. पाखरं संपली होती आणि ती कोणी संपवली हे मी आधीच लिहून ठेवलं होतं.

दुपारी उतरताना योगेंद्र केंद्राच्या वाटेला न लागता पाड्याकडे वळला.

"इकडे कुठे?"

"जेवण पुनाकडे सांगितलंय, भाऊ."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही आला असता का?"

या योगेंद्रच्या अंगात एवढं धाडस कुठून आलं ते मला कळेना. पण पोटात भूक होती आणि परतीची वाट लांब, म्हणून त्याच्या मागे चालत राहिलो.

पुनाबद्दल सांगायला हवं. माणूस सावळा, बारीक, बोलायला कमी. घरात पावरी बोलतो, आमच्याशी अहिराणी. मोजणीत तो कायम माझ्या उजव्या हाताला उभा राहायचा. त्याची एक सवय होती. पाखरू बोललं की तो माझ्या कोपराला हळूच बोट लावायचा आणि हनुवटीनं दिशा दाखवायचा. सुरुवातीला क्वचित, मग वरचेवर. पुढे पुढे तर पाच मिनिटांत दहा वेळा. चार वर्षांपूर्वी पुण्याहून काही पाहुणे आले होते, आणि त्यांच्यातली एक बाई हसून म्हणाली, "तुमचे गाईड तर यांच्याही पुढे आहेत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सगळ्यांदेखत पुनाला झापलं. "मला शिकवतोस? पुन्हा बोट लावलंस तर मोजणीला उभा राहू नकोस."

त्यानं पुन्हा बोट लावलं नाही. त्या वर्षी चष्मेवाले चाळीसवरून नऊवर आले. पुढच्या वर्षी तीन. एवढी पाखरं जातात कुठे? मग मला आठवलं, पुनाच्या दाराशी खिळ्याला गलोल टांगलेली असते. मी संस्थेला लिहिलं की पाड्यावरचे लोक पाखरं मारतात आणि राखणदारच त्यात आहे. अहवाल सभेत वाचला गेला. नवीन सरांनी पुनाला उभं करून विचारलं. पुनानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मी काय सांगू, साहेब." न मारणारा माणूस असं बोलेल का? मला तरी तो कबुलीजबाब वाटला.

पुनाच्या अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली होती. भांडी, गोधड्या, एक कोयता. सोमवारी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक येणार होता, गुजरातला न्यायला. केंद्रातलं काम गेल्यापासून नवराबायको दरसाल असेच जायचे. पुनाची बायको भिकुबाई हिनं आमच्यापुढे मक्याच्या भाकरी आणि उडदाचं वरण ठेवलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही भाकरीकडेच बघत जेवलो. गलोल त्याच खिळ्याला होती.

जेवण होतंय तोच मागच्या ज्वारीवर पोपटांचा थवा उतरला. भिकुबाईनं गलोल काढली, मातीची गोळी लावून थव्याच्या वरून सोडली. गोळी हवेतच फुटली, पोपट ओरडत उडाले, आणि तिनं गलोल परत खिळ्याला अडकवली. बस्स, एवढाच त्या गलोलीचा उपयोग.

मग ते झालं.

अंगणात शेवग्याचं झाड होतं, फुलांनी भरलेलं. मी त्याच्याखालीच बसलो होतो. एकाएकी फांद्या हलायला लागल्या. वर बघितलं तर चष्मेवाले. पिवळी-हिरवी पाठ, डोळ्याभोवती पांढरं कडं. एक नाही, दोन नाही, वीसपंचवीस तरी असतील. फुलांत चोची खुपसत होते, एकमेकांना ढकलत होते. सगळ्यात खालचा माझ्यापासून दोन हातांवर होता. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळ्यावरची पिसं थरथरत होती. तो बोलत होता. सगळे बोलत होते.

मला काही ऐकू येत नव्हतं.

"बाई गं, काय गोंधळ घालताहेत!" डिंपल हसत म्हणाली. तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं. पाठीमागे कोंबडा आरवला, तो ऐकू आला. पाड्याखालून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज आला. आणि माझ्या डोक्यावर पंचवीस पाखरं ओरडत होती, ती मात्र मुकी होती. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र बघावं तसं मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

हात धुवायचं निमित्त करून मी घरामागे गेलो. लेक संघमित्रा फोनवर सारखी म्हणते, "बाबा, ओरडू नका, मला ऐकू येतंय." कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बायकोनं माझ्याकडून कधीच काढून घेतलं होतं. गिरणीतले माझ्याबरोबरचे निम्मे लोक बहिरे झाले आणि आधी बारीक, उंच आवाजच जातात, हे मी स्वतःच चहाच्या टपरीवर हसून सांगायचो. सगळं समोर होतं. पण कानवाल्याचे कान जातील, हे माझ्या मनाला कधी शिवलंच नाही. मला सोपं वाटलं ते हे की जंगलातली पाखरं गेली.

भिकुबाई हंड्यातून पाणी काढत होती. तिनं तांब्या माझ्या हातावर ओतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"आते दखाई गयात ना पाखरं?"

दिसली, म्हणून मी मान हलवली.

"तुमले आयकू येत नही, हाई बठ्ठा पाडाले माहीत शे. जवय तो बोट लावे, तवय तुमले समजे. तुम्हीच सांगं, बोट लावू नको. मंग पाखरं कशी सापडतीन?"

"अख्ख्या पाड्याला माहीत होतं, मग त्यानं सभेत का नाही सांगितलं?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. चूक माझी आणि राग मात्र त्याच्यावर, अशी माझी जात.

पुना कधी मागे येऊन उभा राहिला होता मला कळलं नाही. अर्थात, कसं कळणार? तो खाली बघत म्हणाला, "भाऊ, तुमनं नाव मोठं शे. चार लोकेसना म्होरे कसं सांगू मी?"

त्या माणसानं माझ्या नावासाठी स्वतःचं काम जाऊ दिलं होतं. दोन वर्षं तो ऊस तोडत होता आणि मी शिरपुरात सत्काराच्या शाली घेत होतो. मला लाज वाटली. इतकी की त्याच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण मी बसलो नाही. "उद्या सकाळी मोजणीला चल," एवढंच म्हणालो, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं.

रविवारी सहाला आम्ही पुन्हा बाराही ठिकाणी उभे राहिलो. पुना माझ्या उजव्या हाताला होता. मी कोपर जरासं त्याच्याकडे सरकवलं. थोड्या वेळानं त्याचं बोट लागलं. एकदा, दोनदा, मग लागतच राहिलं. मी सांगत गेलो, डिंपल लिहीत गेली. चष्मेवाले साठच्या वर. फुलटोच्या सात. योगेंद्र घड्याळ बघत होता. त्या दोघांना सगळं कळलेलं आहे हे मला कळत होतं, आणि ते बोलत नाहीत याबद्दल मी मनात त्यांचे आभार मानत होतो.

कारण माझा बेत ठरला होता. कानांचं कुणाला सांगायची गरज काय? कालचं निरंकाचं पान फाडायचं, पाखरं परत आली असं लिहायचं, खाली सही ठोकायची. पाखरं आहेत म्हणजे पुनावर ठपका नाही, त्याला काम परत मिळेल आणि माझं नावही राहील. पुढच्या वर्षी गुडघ्याचं निमित्त सांगून मोजणी योगेंद्रच्या गळ्यात मारायची. इतका सरळ बेत मला आयुष्यात कधी सुचला नव्हता. उतरताना मी डिंपलची थट्टासुद्धा केली.

नवीन सर दहाला पुनाच्या अंगणातच आले. माणूस वाईट नाही. धुळ्यात त्यांचं दुकान आहे, सुट्टीचे दिवस संस्थेला देतात. भिकुबाईनं चहा केला, पुना कप घेऊन आला. सरांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"साठ! भाऊ, काय सांगता! दोन वर्षं शून्य आणि आज साठ?"

"परत आली पाखरं," मी म्हणालो.

"येणारच. म्हणजे तुमचा अहवाल शंभर टक्के खरा होता. पुनाला काढलं आणि दोन वर्षांत पाखरं परतली. याहून मोठा पुरावा कुठला? आता मला अर्जावर निर्णय द्यायला सोपं झालं. घ्या, इथं सही करा."

हे सगळं ते पुनाच्या समोर बोलले, तो तिथं नसल्यासारखं. पुनानं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. कप बशीत वाजला नाही. तो मागे जाऊन गाठोड्यांपाशी उभा राहिला, आणि भिकुबाई घरात निघून गेली.

पेन माझ्या हातात होतं. मी इतका शहाणा, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पाखरं गेली म्हणून लिहिलं तेव्हा पुना चोर ठरला. पाखरं परत आली म्हणून लिहिलं तरी पुनाच चोर ठरत होता. फक्त एकच वाक्य त्याला सोडवणार होतं, आणि तेच मला नको होतं. सही केली असती तर सोमवारी ट्रक आला असता आणि हे सगळं कायमचं मिटलं असतं. मी पेन खाली ठेवलं.

"नवीन सर, पाखरं परत आली नाहीत," मी म्हणालो. "ती गेलीच नव्हती. माझे कान गेलेत. चार वर्षांपासून मला चष्मेवाले नीट ऐकू येत नाहीत, आता तर एकही नाही. आजचे साठ पुनानं ऐकलेत."

सर हसले. "भाऊ, तुम्ही मनानं मोठे आहात. ट्रकवर जाणाऱ्या माणसाची दया येते, मला समजतं. पण त्यासाठी स्वतःवर कशाला घेता? तुमचे कान जातील? अहो, मी तुमच्याकडूनच शिकलो ऐकायला."

"भाऊ सांगतात ते खरं आहे, सर," योगेंद्र म्हणाला.

"तुम्ही सगळे ठरवून आलात." सर पुनाकडे वळले. "पुना, तू सांग. भाऊंना ऐकू येत नाही?"

पुनानं माझ्याकडे बघितलं. सभेत बघितलं होतं अगदी तसंच. मी मान हलवली, सांग म्हणून. त्यानं खाली बघितलं.

"नही साहेब," तो म्हणाला. "भाऊना कान चांगला शेत."

मला ओरडावंसं वाटलं. अरे बाबा, एकदा तरी माझी लाज काढ! घरात भिकुबाईनं भांडं आपटलं. शेवग्याकडे बघितलं तर थवा परत आला होता, फुलं हलत होती.

मी उठलो. ओट्यावरून स्टूल घेतलं, शेवग्याखाली ठेवलं आणि झाडाकडे पाठ करून बसलो.

"सर, इथं समोर उभे राहा. मी डोळे मिटतो. वरचं एक जरी पाखरू मला ऐकू आलं तरी मी हात वर करेन. तुम्ही फक्त बघत राहा. बाकी कुणी बोलू नका."

"भाऊ, हे काय चाललंय?" सर म्हणाले. पण ते उभे राहिले, त्यांच्या चपला माझ्यासमोर थांबल्या, आणि मी डोळे मिटले.

दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. एकतीस वर्षं गिरणीत आणि त्याहून जास्त रानात, इतकं जीव ओतून मी कधी ऐकलं नव्हतं. कोंबडी कुठेतरी माती उकरत होती. पाड्यावर कुणी पोराला हाक मारली. होला घुमला, लांब. तो खालच्या पट्टीतला आवाज, तो धरायचा नाही. त्याच्या वर काय आहे? काही नाही. मला अजूनही वाटत होतं की एवढं मन लावलं तर एखादा तरी बारीक आवाज येईल, एखादा. शेवग्याची फुलं माझ्या मानेवर, हातावर पडत होती. म्हणजे ते माझ्या डोक्यावरच होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात उचलता येत नव्हता, उचलला असता तर सरांनी तो मोजला असता.

तेवढ्यात माझ्या उजव्या कोपराला बोट लागलं.

हळूच. पूर्वी लागायचं तसंच. माझ्या मागे पुना कधी येऊन उभा राहिला होता, देव जाणे. माझ्या अंगाआड ते बोट सरांना दिसतही नसेल. मी हात वर केला असता तर माझे कान पुन्हा शिरपूर तालुक्यात प्रसिद्ध झाले असते. आणि त्याला तेच हवं होतं. उद्याचा ट्रक, कोयता, बांधलेली गाठोडी, सगळं माहीत असून त्याला तेच हवं होतं.

पुन्हा बोट लागलं. या वेळी जरा जोरात, घाईनं. मग तिसऱ्यांदा.

मी हात मांडीवरच ठेवले. एका हातानं दुसरा घट्ट धरून ठेवला.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी नवीन सरांचा आवाज आला, अगदी जवळून, आणि तो मला स्पष्ट ऐकू आला.

"बस्स, भाऊ. समजलं मला. ती वही पुनाकडे द्या, सही त्याची घ्यायला हवी."

मी डोळे उघडले नाहीत. कोपराला लागलेलं बोट अजून तिथंच होतं.